उजव्या नळीतला आकडा

माझी बायको माणसांना झोपवते आणि मी त्यांची झोप उडवतो, असं आमच्याकडे येणारे-जाणारे थट्टेने म्हणतात. ती डब्लिनपासून तासाभरावरच्या पोर्टलीशच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. मी लिमरिकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दुसऱ्यांनी मन लावून केलेल्या कामातल्या चुका काढतो, आणि संध्याकाळी गाडी हाणत घरी येऊन तेच पुन्हा करतो. डिशवॉशरमध्ये ताटं चुकीची लावलीत, स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इकडच्या भाषेत कपाटात, मसाल्यांचे डबे भलतीकडेच ठेवलेत, एक ना दोन. आमची मुलगी अशा वेळी नुसतं "अ हियर, बाबा!" म्हणते, म्हणजे 'पुरे आता', आणि खोलीत निघून जाते. बायको तेवढंही म्हणत नाही. ती शांत माणूस आहे. तिच्या कामात घाई करणारा टिकत नाही.

तिच्या काही खोडी मात्र मी लग्नापासून सोसत आलोय. दोघं बरोबर असलो की गाडी तीच चालवणार, मी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. रस्त्याने चालताना ती कायम माझ्या उजव्या हाताला. चुकून बाजू बदलली तर वळसा घालून पुन्हा तिथेच. आणि जेवायला समोर बसली की माझ्या हातातल्या फोनवरचे मेसेज तिकडून, उलटे, बिनचूक वाचून त्यांना काय उत्तर द्यायचं तेही सांगणार. भांडण मी कधी केलं नाही. हट्टी बायको म्हणून गावभर सांगितलं, तेवढंच.

मग ह्या खोडींमध्ये बंदुकीची भर पडली.

आमच्या घराच्या पुढे, रस्ता अरुंद होत जातो तिथे, एक निवृत्त पशुवैद्य बाई राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, ताठ कण्याच्या. उभा जन्म त्यांनी अडलेल्या गाई सोडवल्या आणि आता स्लीव्ह ब्लूमच्या डोंगरात एका जमीनदाराच्या जंगलातली हरणं राखतात. राखतात म्हणजे त्यांच्यावर लक्ष ठेवतात आणि दर हिवाळ्यात त्यांतली काही मारतात. हरणाला खाणारं जनावर इथे उरलेलं नाही. वाढतील तशी वाढू दिली तर नव्या लावलेल्या झाडांच्या साली सोलून खातात आणि मग रस्त्यावर उतरतात. त्यांच्यावर गाडी आदळली की गाडीतली माणसं हॉस्पिटलात येतात, आणि त्यांना झोपवायचं काम माझ्या बायकोकडे. असा एक वाईट आठवडा गेल्यावर ती बाईंबरोबर 'नुसतं फिरायला' म्हणून डोंगरावर गेली. परत आली ती गाल लालबुंद, बूट चिखलाने भरलेले आणि बोलणं थांबेना. वारा कुठून येत होता, माद्या कशा एकामागे एक निघाल्या, बाई कशा दगडासारख्या पडून राहिल्या. इतकी बडबड मी तिच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो.

मी शाकाहारी माणूस; माझी मजल अंड्यापर्यंत. ती सांगलीकडची. बाईंनी दिलेल्या मांसाचा तिने तांबडा रस्सा केला तेव्हा मी खिडक्या उघडल्या आणि तोंड वाकडं केलं. पण तिने परवाने काढले, परीक्षा दिली, नेमबाजीच्या मैदानावर शनिवारचे शनिवार घालवले. बंदूक डाव्या खांद्याला लावायची. लिहिते उजव्या हाताने, जेवते उजव्या हाताने, आणि बंदूक डावीकडे. म्हटलं, ही आणखी एक खोड.

बाईंचा एक नियम होता आणि त्याला कुणासाठीही सूट नव्हती. हरीण दिसलं की ज्याला गोळी झाडायची आहे त्याने आधी स्वतःच्या डोळ्यांनी, दुर्बिणीतून, त्याचं अंतर मोजायचं आणि ते हलक्या आवाजात बोलून दाखवायचं. मग बाई त्यांच्या दुर्बिणीतून मोजणार. दोन्ही आकडे जुळले तरच बंदूक उचलायची. जुळले नाहीत, किंवा आकडा सांगायला वेळ लागला, की बाई म्हणणार, "घरी चला, चहा घेऊ." कारण अंतर चुकलं की गोळी खाली लागते, जनावर मरत नाही आणि तंगडी ओढत कुठेतरी जाऊन पडतं. ते बाईंना चालत नाही. मलाही चालत नाही, पण माझं कोण विचारतंय.

आदल्या हिवाळ्यात बाईंची जुनी दुर्बीण डोळ्यांना लावून बायकोने दोनदा अंतर सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा घरी येऊन चहा घ्यावा लागला होता. ह्या हिवाळ्यात प्रश्न नुसत्या चहाचा नव्हता. बाईंचे गुडघे संपले होते. हा त्यांचा शेवटचा हंगाम. त्यांच्यामागे डोंगर कुणाकडे द्यायचा हे त्यांनीच सांगावं, असं मालक म्हणाला होता. बाईंच्या नियमातून जो एकदा तरी पार पडेल त्यालाच त्या नाव देणार; नाहीतर डोंगर डब्लिनच्या हौशी लोकांच्या टोळीला भाड्याने जाणार होता. बायकोला तो डोंगर हवा होता. तिने तोंडाने सांगितलं नाही, पण रविवारी ती कपाचा कान धरून खिडकीतून त्याच बाजूला बघत बसायची, आणि मला इतकंही कळत नाही असं नाही.

मी ठरवलं, दोष त्या जुन्या दुर्बिणीचा आहे. हिला उत्तम दुर्बीण घेऊन द्यायची. पन्नासावा वाढदिवस तोंडावर होताच.

आता, एखादी वस्तू निवडायची म्हणजे काय, हे माझ्याकडून शिकावं. आमच्या घरातला मिक्सर निवडायला मी एक उन्हाळा घेतला होता. अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीला मी पूर्ण शरद ऋतू दिला. वर्णनं वाचली, व्हिडिओ पाहिले, अमेरिकेतल्या मावसभावाच्या शिकारी शेजाऱ्याला रविवारी फोन लावून पिडलं. आणि खरं सांगतो, वाचता वाचता मी त्या वस्तूच्या प्रेमात पडलो. काय डोकं लावलंय माणसांनी! नळीच्या आत इतक्या भिंगांची रांग, प्रत्येक भिंगावर डोळ्यालाही दिसणार नाही असा लेप, कशासाठी, तर सूर्य उगवायच्या आधीचा तो चिमूटभर उजेड वाया जाऊ नये म्हणून. बटण दाबलं की एक अदृश्य किरण निघतो, समोरच्या अंगावर आदळून परत येतो, आणि जायला-यायला त्याला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर सांगतं. उतारावरून मारायचं तर कोनाचाही हिशेब धरतं, हवेचा थंडपणाही. तो आकडा दोन्ही डोळ्यांना दिसत नाही; तो फक्त उजव्या नळीत, लाल अक्षरात उमटतो. दोन्ही डोळे उघडे असले की माणसाला आपण तो दोन्हींनी वाचतोय असंच वाटतं. हे मी वाचलं आणि बिनमहत्त्वाचं म्हणून पुढे गेलो.

तीन दुर्बिणींवर निवड आणून ठेवली आणि एका शनिवारी तिला घेऊन क्लोनडॉकिनच्या बिझनेस पार्कातल्या एका दुकानात गेलो. गाडी अर्थातच तिने चालवली.

दुकानदार उंच, नीटनेटका आणि माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला सरावलेला होता. माझे सगळे प्रश्न संपेपर्यंत त्याने एक भिंग पुसून काढलं. मग आम्हाला मागच्या दाराने बाहेर नेलं. तिथून आधी गोदामांची छपरं, मग एका जुन्या कारखान्याची चिमणी आणि त्याच्यामागे, पावसाच्या पडद्याआड, डब्लिनचे डोंगर दिसत होते.

पहिली दुर्बीण मी डोळ्यांना लावली आणि गप्प झालो. मला ओळखणाऱ्यांना यावरून काय ते समजेल. चिमणीच्या विटांमधला चुना दिसत होता. तिच्या कडेवर उगवलेलं एक रोपटं, त्याच्या पानाच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंब, आणि त्या थेंबात आकाश. मी बटण दाबलं. अंधारात कुणी अलगद दिवा लावावा तसा लाल आकडा उमटला. मी तो मोठ्याने वाचला, मग पुन्हा वाचला, आणि मुलीला फोन करून सांगावं असं मनात आलं. आयुष्यभर मी जग अंदाजाने बघत आलो होतो असं वाटलं.

बायकोने घेतली तर तिला तिच्यात दोन गोल दिसायला लागले. दुकानदाराने बिजागरी मिटवत आणली, आणखी मिटेना. "तुमचा चेहरा लहान आहे," तो अदबीने म्हणाला. मी केलेल्या तक्त्यात वजन होतं, उजेड होता, किरणाचा पल्ला होता. हिच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर नव्हतं. हे यंत्र करणाऱ्यांनी डोळ्यांसमोर रुंद चेहऱ्याचा पुरुष धरलेला असतो आणि त्या पुरुषाला दुसरा पुरुष सल्ला देत असतो. दुसरीही तशीच निघाली. तिसरी मिटली आणि तिच्या चेहऱ्यावर बसली. ती बराच वेळ बघत राहिली.

"ही," ती म्हणाली.

"आकडा कसा दिसतो?"

"दिसतो की."

दुकानदार म्हणाला, "चिमणीच्या पलीकडचा तो विजेचा खांब बघा. किती येतंय?"

तिने खांबाकडे रोख धरून बटण दाबलं आणि आकडा सांगितला. तो मी मघाशी मोठ्याने वाचलेला चिमणीचा आकडा होता.

दुकानदाराने खाली बघून आधीच स्वच्छ असलेलं भिंग पुन्हा पुसलं. मी मात्र चुका काढायचा पगार घेणारा माणूस. "अगं, ती चिमणी होती. खांब कितीतरी लांब आहे!"

"घे ना हीच," ती म्हणाली. "मला आवडली."

घेतली. पण गाडीत बसल्यावर मी सुरू झालो. बटण नीट दाबलं होतंस का? डोळा मधोमध होता का? समोरच्या लॉरीवरची पाटी मी वाचून दाखवली, तिला वाचायला सांगितली, आणि ती तिने माझ्याआधी वाचली होती. मग भानगड काय? पोर्टलीशच्या रस्त्याला लागल्यावर तिने एका पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी वळवली, एका कडेला उभी केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणाली, "माझ्या उजव्या डोळ्याला वाचता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आळशी डोळा. जन्मापासून. समोर माणूस आहे हे कळतं, कोण आहे ते कळत नाही. शाळेत तपासणी झाली तोवर उशीर झाला होता. आई म्हणाली, कुणाला सांगायचं न्हाई. लग्न जमायचं न्हाई."

मला पहिलं काय आठवलं ते सांगतो. मुलगी बघायला सांगलीला गेलो होतो तेव्हा मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलो होतो. सासूबाई लगबगीने आल्या आणि म्हणाल्या, "तिथं ऊन येतंय, इकडं बसा." मी उठून पलीकडच्या खुर्चीवर बसलो. ही गोष्ट मी सासूबाईंच्या अगत्याची म्हणून दहा जणांत सांगत आलोय. त्या दिवशी ऊन नव्हतंच. त्यांनी मला मुलीच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला बसवलं होतं.

आणि तिथून मी तिथेच होतो. गाडीत तिच्या डावीकडे, रस्त्यावर तिच्या डावीकडे, सिनेमात तिच्या डावीकडे. तिचं काही चुकलेलं नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं, तरी माझं डोकं फिरलं.

"हॉस्पिटलला माहिती आहे?"

"सांगितलंय. गाडीच्या लायसन्सला, बंदुकीच्या लायसन्सला, सगळ्यांना सांगितलंय. इथे विचारतात. सांगितलं की म्हणतात, ग्रँड, काही हरकत नाही, दुसरा चांगला आहे ना?"

"आणि बाईंना?"

"पहिल्याच दिवशी. त्या म्हणाल्या, आकडा वाचायचा मार्ग तुझा तू शोध, नियम बदलणार नाही. आणि म्हणाल्या, हिमसेल्फला सांगितलंस का?" हिमसेल्फ म्हणजे इकडच्या बोलीत घरधनी.

"म्हणजे मीच काय तो राहिलो."

"अरे, पहिल्या वर्षी सांगणार होते. मग उशीर झाला. मग इतका उशीर झाला की सांगायचं तर उशीर का झाला तेही सांगावं लागलं असतं." ती समोरच्या काचेकडे बघत होती. "आणि बाकीचे कुणी मला बघायला आले नव्हते रे. तू आला होतास."

राग डोळ्याचा नव्हता. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, मुलगी वाढवली, देश बदलला, दोघांच्या आईवडिलांचं आजारपण काढलं, आणि हिच्या लेखी मी अजून हातात पोह्यांची बशी घेऊन खुर्चीवर बसलेला मुलगा होतो. उठून नकार कळवेल असा. ह्याचं मला फार वाईट वाटलं आणि ते मी तिला त्या आठवड्यात बोलूनही दाखवलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "हो, तसंच होतं." खोटं सांत्वन तिला करताच येत नाही. पेशंटलाही ती "टोचणार नाही" असं कधी म्हणत नाही. "टोचेल, आणि मग थांबेल" म्हणते.

राग उतरला तसा मी माझ्या मूळ स्वभावावर आलो. आकडा डाव्या नळीत दाखवणारी दुर्बीण शोधायला घेतली. एका डोळ्याने वापरायचा वेगळा मापक मिळतो, तो सुचवला. ती म्हणाली, हरीण समोर असताना हातातली एक वस्तू ठेवून दुसरी घ्यायची म्हणजे हालचाल, आणि हालचाल झाली की हरीण गेलं. मग दुर्बीण सरकवून उजवी नळी डाव्या डोळ्याला लाव, म्हटलं. ते तिने करून बघितलं होतं. तशी दुर्बीण कपाळावर टेकत नाही, हात हलतो आणि आकडा एका जागी राहत नाही. मी जर्मनीपर्यंत मेल पाठवले. उत्तरं अतिशय सभ्य होती आणि त्यांत दुर्बीण नव्हती.

अशातच एका रविवारी मी भांडी घासत होतो आणि खिडकीतून बघतो तर बायको मागच्या अंगणात, गवतावर घोंगडी अंथरून, पोटावर पालथी. कोपरं जमिनीला टेकलेली, डोळ्यांना ती नवी दुर्बीण. आणि दुर्बीण उलटी. म्हणजे खालची बाजू वर. मी साबणाच्या हातांनी बाहेर धावलो.

"अगं, उलटी धरलीयस!"

"माहितीये." तिने मान वळवली नाही. "पलीकडच्या शेडचं छप्पर. शहाऐंशी."

मी तिच्या हातातून दुर्बीण घेतली, सरळ धरली, बटण दाबलं. शहाऐंशी. मग तिच्यासारखी उलटी धरून बघितली. छप्पर जागच्या जागी, सरळच दिसत होतं. भिंगांची करामतच तशी असते. आकडा मात्र डोक्यावर उभा, आणि आता डाव्या डोळ्यासमोर.

"अठ्ठ्याण्णव," मी म्हणालो.

ती हसली. इतक्या दिवसांनी हसली. "शहाऐंशीच. उलटा आहे तो."

"आणि तुला तो सरळ वाचता येतो?"

"अरे, मी उभी कुठे असते?" ती म्हणाली. "पेशंटच्या डोक्याशी. सगळे जण माणसं बघतात सरळ, मी बघते उलटी. ओठांचा रंग उलटा, डोळे उलटे, गळ्यातल्या लॉकेटवरचं नाव उलटं. कोण घाबरलंय ते मला उलट्या चेहऱ्यावरून लवकर कळतं. आकड्यांचं काय घेऊन बसलास?"

मी तिथे गवतात, हातावर साबण घेऊन, तिच्याकडे बघत उभा राहिलो. जर्मनीला मेल पाठवणारा मी! तिने परत घेतलेली दुर्बीण डोळ्यांच्या दोन्ही खोबण्यांत घट्ट बसली होती, कोपरं टेकली होती, वरचं बटण खाली आल्याने अंगठा आपोआप त्याच्यावर पडत होता. जगातल्या उत्तमोत्तम कारागिरांनी केलेली वस्तू तिने नुसती फिरवली आणि आपलीशी केली. कौतुक करायला मला जड जातं, सवय नाही. तरी म्हणालो, "भारी आहेस तू." ती म्हणाली, "भांडी राहिलीत."

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही डोंगरावर गेलो. मी यायचं असं बाईंनीच सांगितलं होतं, पण पिशवी उचलायची आणि तोंड उघडायचं नाही ह्या अटीवर. उजाडून गेलं होतं. गवतावर पांढरं दहिवर, स्प्रूसच्या झाडांची काळी रांग, आणि पायाखाली ती पाणथळ जमीन, जी दर पावलाला बूट मागते. बाई काठी टेकत पुढे. दर थोड्या वेळाने थांबायच्या, आणि त्या वाऱ्यासाठी थांबतायत की गुडघ्यासाठी हे कुणी विचारायचं नव्हतं.

रान संपून मोकळं लागतं तिथे आम्ही एका चढाआड आडवे झालो. बराच वेळ काहीच नाही. माझ्या कोपरांत पाणी शिरलं. मग पलीकडच्या उतारावर, झाडांच्या कडेला, तपकिरी काहीतरी सुटं झालं आणि चालायला लागलं. तीन माद्या. शेवटची म्हातारी, एका पायाने लंगडत होती. बाईंनी बोटाने तीच दाखवली. तिच्यामागे उतार होता, गोळी पुढे जाऊन कुणाला लागायची भीती नव्हती.

बायकोने दुर्बीण उचलली, शांतपणे उलटी केली आणि डोळ्यांना लावली.

बाईंची मान वळली. एक पांढरी भुवई वर गेली आणि तिथेच राहिली. हरणी मान वर करून कान हलवत होती. आता ती गेली तर पुन्हा चहा, आणि डोंगर डब्लिनला.

"एकशे अडुसष्ट," बायको म्हणाली. रोज सकाळी ती लोकांना ज्या आवाजात श्वास घ्या म्हणते, त्याच आवाजात.

बाईंनी त्यांची जुनी दुर्बीण लावली. वेळ घेतला. मला वाटतं मुद्दामच घेतला.

"एकशे एकोणसत्तर," त्या म्हणाल्या. "एका मीटरवरून मी कुणाशी भांडत नाही. उचल."

बंदूक डाव्या खांद्याला गेली. मी डोळे मिटणार होतो, पण मिटले नाहीत. हिचं काही बघायचं राहून जाऊ नये असं झालं होतं मला. आवाज झाला, उतारावरून परत आला. हरणी जिथे उभी होती तिथेच खाली बसली आणि उठली नाही. बाकीच्या दोघी झाडांत शिरल्या. मला गलबलून आलं, ते लपवत नाही. बायको बराच वेळ बंदुकीच्या स्कोपमधून बघत राहिली, शेवटचा श्वास संपल्याची खात्री करत. ते ती रोजच्या कामात करते तसंच होतं, फक्त उलट्या हेतूने. मग तिने बंदूक रिकामी केली आणि कपाळ गवतावर टेकलं.

बाईंनी काठीवर भार देऊन उठत तिच्या पाठीवर थाप मारली. "सोमवारी मालकाला फोन करते. डोंगर तुझा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तिने तुला सांगितलं ना?"

"सांगितलं."

"ग्रँड," बाई म्हणाल्या आणि उतरायला लागल्या.

हरणी खाली आणून बाईंच्या गाडीत चढवेपर्यंत माझे खांदे भरून आले. शाकाहारी माणसाने एक तंगडी धरली होती, ह्याची नोंद घरात कुणी घेतली नाही. बाई गेल्या. आम्ही दोघं आमच्या गाडीपाशी आलो. बायकोच्या हातांना माती, केसांत गवत, चेहरा असा की पंचवीस वर्षांची वाटावी. मी सवयीने डाव्या बाजूच्या दाराकडे गेलो.

ते दार तिने आधीच उघडलं होतं.

"तू चालव," ती म्हणाली आणि किल्ली माझ्याकडे फेकली.

वळसा घालून उजवीकडे जाऊन बसलो, सीट मागे सरकवली, आरसे लावले. शेजारी ती, लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या डावीकडे. तिचा उजवा गाल माझ्या बाजूला होता, आणि त्या गालावरच्या त्या डोळ्याला मी कोण आहे ते कळत नव्हतं. डोंगराचं पहिलं वळण यायच्या आत ती झोपली. पोर्टलीशपर्यंत मी गाडी अगदी सावकाश चालवली.